मागचा लाल दिवा

“काका, आज तुम्ही पुढे निघा. मागे मी थांबते,” हर्षाली म्हणाली आणि शेखर पगारांच्या तोंडातली भजी एकदम बेचव झाली.

करंजाळीच्या हॉटेलात सगळ्यांचं खाणं उरकत आलं होतं. नाशिकहून पहाटे सायकलवर निघायचं, सावळघाट उतरून इथपर्यंत यायचं, भजी-चहा घ्यायचा आणि तोच घाट चढून परत जायचं, हा या मंडळींचा थंडीतला ठरलेला रविवार. उतरताना सगळेच शूर असतात. कोण किती पाण्यात आहे ते परतीला कळतं.

“का? मला काय धाड भरलीय?” पगार म्हणाले.

“तसं नाही काका.”

“मग झालं तर. मागे मीच.”

हेल्मेटचा पट्टा लावत हर्षाली बाहेर गेली.

आता हे ‘मागे’ काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. वीसेक सायकली घाटाला लागल्या की कुणी सुसाट पुढे जातो, कुणी धापा टाकत रेंगाळतो. म्हणून सगळ्यांच्या शेवटी एकाने राहायचं असतं. त्याने कुणालाही ओलांडायचं नाही. जो सर्वांत हळू, त्याच्याही मागे चालायचं. सीटखाली मोठा लाल दिवा लावायचा, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला कळतं. हे काम कित्येक वर्षं पगारांकडे होतं. घाटमाथ्यावर चहा विकणारी चिमणाबाई तर त्यांना पाहूनच चूल आवरायची. बाबा आले म्हणजे सायकलवाल्यांची लाईन संपली, एवढा तिचा हिशेब पक्का होता.

पगार पाटबंधारे खात्यात कारकून होते. आयुष्यात त्यांचा नंबर कधी वर लागला नाही. शाळेच्या फोटोत कडेला, बढतीत तळाला, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर ऑफिसच्या खिडक्या लावून निघणारे तेच. निवृत्तीनंतर सायकल घेतली तेव्हा शेवटी राहणं हाही एक मान असू शकतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं आणि माणूस खुलला.

या कामाची त्यांची स्वतःची एक रीत होती. दमलेल्या माणसाला ‘दमलास का’ असं कधी विचारायचं नाही. आपणच थांबायचं आणि म्हणायचं, “जरा थांब रे, माझी साखळी उतरली.” मग खाली बसून बोटं काळी करायची, पेडल उगाच उलटसुलट फिरवायचं, आणि समोरच्याचा श्वास जागेवर आला की उठायचं. साखळी बिचारी कुठे गेलेली नसायची. हर्षालीच्या पहिल्या घाटात ती तीनदा उतरली होती. हर्षाली एका दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून, मैत्रिणीची सायकल मागून ती आली होती. वर पोचल्यावर तिने त्यांना अगदी गंभीरपणे सांगितलं होतं, “काका, तुम्ही सायकल बदला आता.” पगार तो किस्सा घरी सांगून हसत.

या दिवाळीत मात्र त्यांना डेंग्यू झाला. ताप उतरला, पण पायांतलं जे गेलं ते परत आलं नाही. त्यांच्या पत्नी लताबाई सटाण्याकडच्या. काळजी वाटली की त्यांच्या तोंडी माहेरची बोली येई. आज पहाटे दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या होत्या, “जीव बरा नही शे, आनि चालनात घाट चढाले.” मागच्या खेपेला तर दिनेशने, म्हणजे मंडळी जमवणाऱ्यानेच, सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काका, गाडी मागवू का?” त्या दिवसापासून पगारांच्या पोटात एकच भीती होती. आपण लोकांसाठी थांबायचं सोडून लोकच आपल्यासाठी थांबायला लागले, तर आपण इथे कोण?

घाट सुरू झाला. पहिली वळणं कशीबशी गेली. मंडळी दिसेनाशी झाली, फक्त हर्षाली पुढे रमतगमत चालली होती. एरवी ती कधीच वर पोचली असती. पगारांच्या छातीत भाता चालू झाला. पाय पेडलवर होते, पण जोर कुणा दुसऱ्याकडून उसना आणावा लागत होता.

हर्षाली कडेला थांबली. “काका, दवाखान्यातून फोन आहे. तुम्ही व्हा पुढे.”

पगार कसे पुढे होणार? ओलांडायचं नाही हा नियम. एक पाय जमिनीवर टेकून ते उभे राहिले. फोन बराच वेळ चालला, तोवर त्यांचा श्वास खाली बसला.

पुढच्या वळणावर ती पुन्हा थांबली. या वेळी सायकलवरून उतरून खाली बसली होती.

“काय झालं?”

“साखळी उतरली,” ती मान वर न करता म्हणाली.

पगार तिच्याजवळ गेले. साखळी जागच्या जागी होती आणि तिची बोटं स्वच्छ होती. त्यांची कानशिलं तापली. माझंच औषध मलाच पाजतेस का, असं अगदी ओठांवर आलं. पण तेवढ्यात तिचा चेहरा दिसला. तिला धड खोटं बोलता येत नव्हतं, आणि डोळे भरून आले होते.

पगार गुडघे सांभाळत खाली बसले.

“सरक, बघतो,” ते म्हणाले.

त्यांनी पेडल उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं, साखळी एकदा काढून पुन्हा बसवली. द्राक्षबागांवर कामाला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली एक जीप वर चालली होती. टपावरून कुणीतरी ओरडलं, “बिघडली काय बाबा?”

“होतेय नीट,” पगारांनी उत्तर दिलं.

जीप गेल्यावर त्यांनी हर्षालीचा हात ओढला आणि आपल्या काळ्या बोटांनी तिची बोटं चांगली माखली.

“आधी बोटं काळी करायची असतात,” ते म्हणाले. “नाहीतर समोरच्याला कळतं.”

हर्षाली हसली आणि मग तिला रडूही आलं. काळ्या हातांनी डोळे पुसता येईनात, तेव्हा तिने ते बाहीला पुसले.

“तुला कधी कळलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. दुसऱ्यांदा उतरली तेव्हा.”

“मग सायकल बदला म्हणालीस ते?”

“मला कळलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून.”

पगारांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि यातलं कोणतं जास्त ते त्यांना ठरवता येईना. मग ते उठले. आपल्या सीटखालचा लाल दिवा काढून त्यांनी तिच्या सीटखाली बसवला. पट्टा ओढून पाहिला. दिवा लागतो की नाही तेही पाहिलं.

“ओलांडायचं नाही,” ते म्हणाले.

“नाही ओलांडणार.”

ते सायकलवर बसले आणि पुढे निघाले. मागून तिच्या चाकांचा आवाज येत होता, ना जवळ ना लांब. वाटेत ते आणखी दोनदा थांबले. मागचा आवाजही थांबला.

घाटमाथ्यावर मंडळी चहा पिऊन पांगली होती. चिमणाबाईने पगारांना येताना पाहिलं आणि नेहमीसारखी वाकून ती चुलीतलं लाकूड बाहेर ओढू लागली.

“आलं बाबा. झाली तुमची लाईन.”

पगारांनी सायकल झाडाला टेकवली. हेल्मेट काढलं आणि बाकावर बसले.

“चूल राहू द्या, चिमणाबाई,” ते म्हणाले. “मागे अजून एक जण आहे.”

चिमणाबाईने रस्त्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि लाकूड पुन्हा आत सारलं.