अर्ध्यावर थांबलेला धडा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एक बटण तुटलेले, मूठ सुतळीने बांधलेली. हसू नका मित्रांनो, पेडगावच्या पलीकडच्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत एके काळी माझा मोठा तोरा होता.

१९८६ साली मी सरकारी खोक्यातून आलो. मला कुंकू लावले, नारळ फोडला. सोबत कवितांची एकच कॅसेट होती. बन्सीधर गुरुजी मला सुरू करत आणि स्वतः तक्ते भरत बसत. पोरे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत. कुणी काही शिकत नव्हते. मला मात्र वाटे, काय शांत वर्ग आहे! किती मूर्ख होतो मी.

त्या वर्गात सुगंधा होती, मेंढपाळ मुंजाजीची लेक. पहिल्याच दिवशी वाचताना ती अडखळली, वर्ग हसला आणि तिने जे तोंड मिटले, ते दोन वर्षे उघडले नाही. एका दुपारी मुंजाजी दारात उभा राहिला.

"गुरुजी, पोरीला एक ओळ वाचता येईना. परवा आमी मेंढरं घेऊन निघायलोत. तिला संगं नेतो."

"जाताना शाळेत येऊन जा. मग बोलू," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी सुगंधाला माझ्यासमोर बसवले. सरकारी कॅसेटची खाच कागदाच्या बोळ्याने बुजवली आणि लाल बटण दाबले. त्यावरच्या कविता पुसून तिथे सुगंधाचा आवाज भरला जाणार होता. वरून विचारणा झाली असती तर गुरुजींची धडगत नव्हती.

"याला हसता येत नाही, बाळ. वाच." एवढे म्हणून ते बाहेर गेले.

सुगंधाने अडखळत, पण सबंध धडा वाचला.

निघायच्या दिवशी मुंजाजी आला तो खांद्यावर घोंगडी टाकूनच. मेंढरे रस्त्यावर खोळंबली होती. वीज गेलेली, म्हणून गुरुजींनी मला जुन्या सेलवर सुरू केले. भरल्या वर्गात लेकीचा आवाज ऐकून तो दोन पावले पुढे आला, मग थांबला.

"टेपात बोलती. माणसात कवा बोलणार?"

मी सगळा जीव एकवटला. पण सेल उतरत होते. तिचा आवाज माझ्या पोटात जड होऊन घोगरा निघू लागला. कुणीतरी फिसकन हसले. एकच ओळ उरली होती आणि मी बंद पडलो. मित्रांनो, त्या क्षणाची लाज मला अजून वाटते. गुरुजींनी सेल काढून पुन्हा घातले. काही उपयोग झाला नाही.

"चल," मुंजाजीने हात पुढे केला.

सुगंधा उठली. पण जागची हलली नाही.

"एक ओळ राहिली," ती म्हणाली. मग मान खालीच ठेवून तिने ती पुरी केली, "मग विहिरीला पाणी लागले आणि सगळे गाव प्यायले."

"पाठ असंल," मुंजाजी पुटपुटला.

तिने पुस्तकाचे पान उलटले आणि पुढचा धडा वाचायला घेतला. दोनदा अडखळली. या वेळी कुणी हसले नाही. मुंजाजीने पान संपेपर्यंत ऐकले.

"ऱ्हाऊ द्या तिला हितंच, आजीपाशी," तो गुरुजींना म्हणाला. मेंढरे तिच्यावाचून गेली.

त्यानंतर गुरुजींनी मला कधी सलग वाजवले नाही. थोडे ऐकवायचे, थांबवायचे, विचारायचे आणि उत्तराची वाट बघायची.

आता मी कपाटात आहे. शेजारी नवा टीव्ही आलाय. त्याचे कापड फक्त पंधरा ऑगस्टला निघते. मित्रांनो, त्याला वापरा, त्याची धूळ पुसा, जमल्यास माझीही. पण त्याला मधेच गप्प करायला विसरू नका.

सुगंधाची कॅसेट अजून माझ्यातच आहे. गुरुजींनी ती पुन्हा लावली नाही. वाचणारी समोरच बसली होती.