चोरून वाढवलेली आच

बुटीबोरीच्या कारखान्यात तीस वर्षं झाले, मशीन मी चालवतो. मनोहररावानं हात लावला की माल सुधारते, असं सारे म्हणतात. खरंच हाय, काहून लाजू?

त्या दिवशी माह्या पोरीची, नूपुरची, शेवटची चाचणी होती. पॉलिमर शिकून ती आमच्याच कारखान्यात इंजिनीयर झाली. दोन वेगळे प्लास्टिक मिसळून काचेवानी आरपार शीट काढाची, हे तिचं डोकं. आधीच्या दोन चाचण्या फसल्या होत्या. आज जमलं नाई तं काम बंद, असं साहेबानं सांगूनच टाकलं होतं.

शीट निघाली. पांढरीफट्ट, दुधावानी!

आधीच्या दोन्ही वेळी नूपुर लॅबमधेच नमुन्याची वाट पाहत होती. आज मशीनपाशी आली आन् आकडा पाहून थबकली. "मी दोनशे वीस डिग्री लावून गेली होती. हे दोनशे चाळीस कोणं केलं?"

साहेब म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, या दोन प्लास्टिकचं जमतच नाही. बंद करा."

मी पुढं झालो. "थांबा साहेब. आच मी वाढवली. मागच्या दोन्ही वेळी बी मीच."

माल मिसळत नसला तं आच वाढवाची, हे माहं तीस वर्षांचं शहाणपण. पोरीले मदत करून राहिलो होतो ना बाप्पा!

"बाबा, ह्या दोघांचं कमी आचेवरच पटते," नूपुर कडाडली. "जास्त तापवले की वेगळे होतात, म्हणून शीट दुधाळ येते. एकदा तरी विचारलं का मले?"

"नाई विचारलं," मी म्हणलं. साऱ्यांसमोर. लय लाज वाटली.

तिनं मशीनकडे बोट केलं. "आता दोनशे वीसवर चालवा. माल घट्ट येईन, मोटर अडखळीन. तिथं तुमचाच हात पाहिजे."

आच उतरेपर्यंत तास गेला. मोटर कण्हू लागली. मी आवाज ऐकत ऐकत वेग कमी करत गेलो. शीट निघाली. साहेबानं खाली पेपर धरला आन् अख्खी बातमी वाचून काढली.

"वा, मनोहरराव! चालवा पूर्ण लॉट."

मी बटनावरचा हात काढला. छाती अशी फुगली होती का शर्टाचे बटनं तुटतीन. साऱ्या कारखान्याले ऐकू जाईन असं विचारलं,

"मॅडम, आच किती ठेवू?"