आता नीट ऐक

लाइट गेली तशी देवकीनं झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं आणि काचेवर राहिलेला कागद हातात घेतला. दहावीचा निकाल लागून एकच दिवस झाला होता. सकाळपासून डिचोलीतली अर्धी पोरं गुणपत्रिकांच्या प्रती काढायला तिच्या दुकानात लोटली होती, आणि ती कुणाच्या तोंडाकडे न बघता कागद ठेव, बटण दाब, कागद काढ एवढंच करत होती. मशीन बंद पडलं, गर्दी पांगली आणि हा कागद उरला. वहीचं पान, निळी शाई. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

असे विसरलेले कागद ती बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. डब्यात सगळी पहिलीच पानं होती. कारण देवकी प्रती काढायची त्या मागून पुढे. शेवटचं पान आधी, पहिलं सगळ्यांत शेवटी, म्हणजे गठ्ठा आपसूक क्रमानं लागतो. त्यामुळे काचेवर विसरून राहायचं ते नेहमी पहिलं पान. डब्यात टाकण्याआधी ती ते वाचायची. लिहिलेलं काही हातात आलं आणि तिनं ते वाचलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

ती दाराशी उजेडात गेली.

रोप लावून झालं की निघ.
खिडकीकडं बस, उजव्या अंगाला.
घाट लागला की डोळे मीट.
मधोमध एकदा उघड. धबधबा आहे.
तो बघ आणि परत मीट.
खाली आलं की पोलीस चढतील. घाबरू नको,
आपल्याकडं काय आहे?
मग माती लाल होत जाईल.
लाल झाली म्हणून उतरू नको.
सगळे उतरतील. तू बसून राहा.
पूल येईल. पूल संपला की ऊठ.
पिशवी आधी, तू नंतर.
आता नीट ऐक

देवकी मटकन स्टुलावर बसली.

"अगे बाय माझे!" ती स्वतःशीच म्हणाली. "हा कोण कवी लपून बसलाय आमच्या डिचोलीत?"

आता ही देवकी म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. दर महिन्याच्या एक तारखेला ती एक पान हातानं लिहायची. वर मथळा 'या महिन्यात' आणि खाली तीनच गोष्टी: एक नवी कविता, एक लेख, एक चित्र. चित्र म्हणजे पणजीच्या प्रदर्शनातलंच हवं असं नाही. मये गावात एका बाईनं गोठ्याच्या भिंतीवर काढलेली चुन्याची मासळी तिनं यादीत घातली होती. खाणीच्या एका ट्रकाच्या मागच्या फळीवर कुणी मोर रंगवला होता, तर ट्रकाचा नंबर देऊन तिनं लिहिलं, 'सकाळी साडेसातला तिठ्यावर उभे राहा, दिसेल.' आणि लोक खरंच उभे राहिले! प्रती साठ. पन्नास दुकानात दगडाखाली, दहा पेडण्याला जाणाऱ्या कंडक्टरकडे. गोवा राज्य होऊन दहा वर्षं झाली तरी मराठी-कोंकणीचं भांडण काही विझलं नव्हतं, आणि देवकी एक महिना मराठी कविता घालायची, एक महिना कोंकणी. त्यामुळे दोन्हीकडचे लोक तिच्यावर पाळीपाळीनं रुसायचे. यादी मात्र सगळे न्यायचे.

जुलैच्या यादीत तिनं तो कागद अख्खा उतरवला. खाली लिहिलं, 'कवी माहीत नाही. पण शेवट बघा. आता नीट ऐक म्हणतो आणि गप्प बसतो. पूर्णविरामसुद्धा देत नाही. पुढचं आपण ऐकायचं.'

डिचोलीत त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. दुकानाबाहेरच्या निळ्या बाकावर रोज अकराला येऊन बसणारे कृष्णनाथ सर, हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे मास्तर, यांनी तर कविता पाठच केली.

"देवकी, ही मरणाची कविता गो," ते म्हणाले. "पूल म्हणजे काय? भवसागर. पिशवी आधी, तू नंतर. देह आधी सुटतो, आत्मा मागून."

"आणि पोलीस, सर?"

"यमदूत."

"आणि ती उजव्या अंगाची खिडकी?"

सरांनी वर्तमानपत्र उघडलं.

"तिचा विचार चालू आहे," ते म्हणाले.

देवकी पोट धरून हसली. पण आठवड्याभरानं पणजीच्या एका मासिकाचं पत्र आलं आणि तिचं हसू पळालं. संपादकांना कविता छापायची होती. ऑगस्ट संपायच्या आत कवीचं नाव आणि त्याची परवानगी कळवावी, असं त्यांनी लिहिलं होतं. परवानगी हा शब्द देवकीनं पुन्हा वाचला. कवितेच्या आनंदात तिला सुचलंच नव्हतं की हा कुणाचा तरी खासगी कागद आहे. विश्वासानं माणसानं तिच्या हातात दिलेला. त्याला न विचारता तिनं तो साठ घरांत पोचवला होता. उद्या तो माणूस दारात येऊन म्हणाला, बाई, तुमच्याकडे कागद द्यायचा की नाही? तर काय सांगणार? पंधरा वर्षं लोक तिच्याकडे जन्मदाखले देतात, कोर्टाचे कागद देतात, डोळे मिटून देतात.

तिनं बाहेर पाटी लावली. 'जुलैच्या यादीतली कविता ज्याची असेल त्याने कृपया आत येऊन मला रागवावे.'

रागवायला कोणी आलं नाही. कविता आपली आहे म्हणून सांगायला तिघं आले. देवकीनं तिघांनाही निळं पेन दिलं आणि 'पिशवी आधी' एवढंच लिहायला सांगितलं. एकाचंही अक्षर जुळलं नाही. तिसरा म्हणाला की स्फूर्तीच्या वेळी त्याचं अक्षर वेगळं येतं. सरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

"'आपल्याकडं' लिहितो म्हणजे घाटावरचा," सर म्हणाले. "आपल्या औद्योगिक वसाहतीत पाचशे आहेत. कुठे शोधणार?"

"चूक माझी, सर. शोधायला मलाच हवं."

ती दोनदा वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊन आली. पाळी सुटताना माणसं लोंढ्यानं बाहेर पडत, आणि कविता कोणी लिहिली असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवून हसत. ऑगस्टची यादी तिनं लिहिलीच नाही. तेरा वर्षांत पहिल्यांदा दगडाखाली काही नव्हतं, आणि लोक येऊन नुसता दगड उचलून बघायचे.

अठ्ठावीस तारखेला दुपारी सर बाकावर वर्तमानपत्राआड पेंगत होते. देवकी आत तोच निळ्या शाईचा कागद पुढ्यात घेऊन बसली होती. शंभराव्यांदा वाचत होती.

"बाई."

देवकीला ऐकू गेलं नाही.

"ओ बाई!"

देवकीनं मान वर केली आणि सवयीनं हसली. दारात एक तरुण बाई उभी होती. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची लहान ढेप, आणि पायांवर गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे. देवकी हसलेली बघताच तिनं पिशवी धाडकन खाली ठेवली आणि मोठा श्वास सोडला.

"हसलासा! म्हंजे पोचले म्या."

"कुठून आलीस गो बाय?"

"गडहिंग्लजवरनं. शेवंता माझं नाव. मालक हितं कारखान्यात हाईत, सदाशिव. त्यांनी लिवून धाडलंय की हितं बसायचं. पावसात शाई फुटंल म्हणून झेरॉक्स काढून."

तिनं कमरेचा बटवा सोडून दोन कागद काढले. दोन्ही झेरॉक्स. दोन्हींच्या उजव्या कडेला काळी बारीक रेघ. ती रेघ देवकीनं शंभर जणांच्या कागदात ओळखली असती. तिच्याच मशीनची खोड होती ती. वरच्या पानावर 'रोप लावून झालं की निघ' हे शब्द होते.

तिनं दुसरं पान पुढे ओढलं.

समोर पाववाल्याचं दुकान. तिथं वळू नको.
देवळाकडं पाठ कर. शंभर पावलं चाल.
झेरॉक्सचं दुकान. बाहेर निळा बाक.
आत एक बाई असते. ती वाचत असते.
एका हाकेत तिला ऐकू येत न्हाई.
दुसरी हाक मार. मग बघते.
बघितलं की हसते.
ती हसली की समज पोचलीस.
बाकावर बस. मी सुटलो की येतो.

पहिलं पान! डबाभर पहिली पानं साठवणाऱ्या बाईला हे एक पहिलं पान आहे हे कळू नये? त्याच्या अर्धवट वाक्याला ती काय काय म्हणाली होती! देवकीचं तोंड लाल झालं. आणि कवितेला मालक सापडत नव्हता तो का, तेही आता उमगलं. सदाशिव ती पाटी रोज वाचून पुढे जात असणार. त्यानं कुठे कविता लिहिली होती?

तिनं भिंतीवरची जुलैची यादी काढून शेवंतापुढे ठेवली.

"बाय, तुझं पत्र मी छापलं. न विचारता. मला ती कविता वाटली. माझं चुकलं गो."

शेवंतानं ओळीवर बोट ठेवत ठेवत यादी वाचली. देवकी तिच्या बोटाकडे बघत राहिली. बोट शेवटच्या ओळीपाशी थांबलं.

"किती जणांनी वाचलं?"

"साठ घरांनी. पेडण्यापातूर गेलं."

"आन् कुठं जायाचं त्ये कुणाला कळलं?"

"कुणालाच नाही."

शेवंता खळखळून हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"मग छापा की खुशाल. एवढ्या लोकांनी वाचलं, पर पोचले म्या एकलीच."

हसण्यानं सर जागे झाले. आत येऊन त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"पूल म्हणजे आपला डिचोलीचा पूल?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आणि उजवी खिडकी?"

"डाव्या अंगाला ऊन येतं वो."

सरांनी बाकावरचं वर्तमानपत्र उचललं, बाक रुमालानं झाडला आणि शेवंताला बसायला जागा करून दिली. मग स्वतः पाववाल्याकडे चहा-पाव सांगायला गेले.

देवकीनं संपादकांना पत्र लिहायला घेतलं. नाव लिहिलं: सदाशिव. पुढे लिहिलं, की कविता दोन पानांची आहे, एक पान माझ्या वेंधळेपणानं राहिलं होतं. मग दुसरं पान उतरवायला बसली. चौथ्या ओळीपाशी आली आणि थांबली. आत एक बाई असते. या दुकानात तिनं किती जणांचं लिहिलेलं वाचलं होतं. तिच्याविषयी कुणी लिहिलं नव्हतं. ती ओळ पुन्हा वाचू लागली.

पाचाचा भोंगा झाला. थोड्या वेळानं कारखान्याच्या खाकी शर्टातला एक माणूस घाईघाईनं आला, बाकावर बसलेल्या बायकोकडे बघून जागीच उभा राहिला. दोघं नुसती एकमेकांकडे बघून हसली. मग बायकोला बसायला जागा दिल्याबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून तो दुकानाच्या दाराशी गेला.

"बाई."

देवकी कागदावरून हलली नाही. त्यानं वळून शेवंताकडे बघितलं.

"एका हाकेत ऐकू येत न्हाई त्यास्नी," शेवंता पावाचा तुकडा चहात बुडवत म्हणाली. "दुसरी मारा."