पाव इंच कमी

गणिताच्या सरांना मुलं पाठीमागे 'करवत' म्हणत. सरकारी हायस्कूल ते. निम्मी मुलं शहरातली, निम्मी आसपासच्या गावांतून बसने येणारी. पण नववीच्या वर्गात सर शिरले की सगळी सारखीच चिडीचूप. सरांना ती शिस्त वाटे. एकच गोष्ट सलायची: अकरा वर्षांत त्यांच्या तासाला कुणी "का?" असं विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी सरांची आई डोळे तपासायला गावाहून आली. डॉक्टरांनी थेंब घातले आणि बजावलं, "दुपारपर्यंत जवळचं धड दिसणार नाही. एकटं सोडू नका." सरांची बायको कामावर, घराला कुलूप. शेवटी सरांनी आईला काळ्या चष्म्यासकट वर्गात मागच्या बाकावर बसवलं.

"आई, एक अक्षर बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलू? मला काय कळतंय त्यातलं!"

गावाकडच्या चार मुलींनी तिला लगेच ओळखलं. त्यांचे फ्रॉक तिनेच तर शिवले होते.

सरांनी वर्तुळाचा परीघ शिकवायला घेतला. फळा सूत्रांनी भरला. "समजलं?"

"हो सर," सगळे एका सुरात.

"कसलं समजलंय! नुसतं हो ला हो," मागून आवाज आला. "सोन्या, हे घेराच्या स्कर्टचंच गणित ना? मग कापून दाखव की."

सोन्या! वर्गात खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. पण आईच्या शिलाई मशीनच्या कमाईवरच ते शिकून मोठे झाले होते. आईला गप्प बस म्हणायला जीभ रेटेना.

आईने टेबलावरचं वर्तमानपत्र मागवलं, पिशवीतून टेप आणि कात्री काढली. "इकडे ये." टेप सरांच्या कंबरेभोवती फिरली. आकडा एका मुलीने वाचला, "छत्तीस!"

"मागच्या वर्षी चौतीस होती," आई म्हणाली. वर्ग हसून लोटपोट.

"छत्तीसचा सहावा हिस्सा?"

"सहा!"

"त्यातून पाव इंच कमी. कर खूण."

तिने कागदाची चौघडी घातली, मुलीने कोपऱ्यापासून खुणा केल्या, आणि कात्री नुसत्या हाताच्या सवयीने गोल फिरली. कागद उलगडून तिने एक चीर दिली, सरांच्या कंबरेला गुंडाळला. टोकाला टोक तंतोतंत भिडलं.

खिडकीजवळची, कधीही तोंड न उघडणारी मुलगी बोलून गेली, "पण आजी, पाव इंच कमी का?"

"आत्याने शिकवलं तसं चाळीस वर्षं कापतेय. का ते मला काय ठाऊक? तुझ्या सरांना विचार."

सर कागदी स्कर्टासकट फळ्याकडे धावले. "कारण त्रिज्या काढायला भागायचं सहाने नाही, दोन पायने! म्हणजे सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशने, सहापेक्षा थोडं जास्त. म्हणून उत्तर थोडं कमी!"

"स्कर्टात दोन पाय असायचेच की," आई म्हणाली. सरसुद्धा खो खो हसले.

मग लहान मुलीच्या कंबरेला किती कमी, हत्तीच्या कंबरेला किती, असे प्रश्न सुरू झाले. घंटा वाजली तरी कुणी हलेना.

संध्याकाळच्या बसला त्या चार मुलींनी आजीला मध्ये घेतलं. पायरीवरून ती सोडायला आलेल्या सरांकडे वळली. "बरं शिकवतोस रे. आधी वाटलं नव्हतं मला."

दुसऱ्या दिवशी सरांनी खडू उचलायच्या आत पाच हात वर झाले. त्यातले दोन प्रश्न अगदीच येडपट होते. सरांनी त्यांचीही उत्तरं दिली.