भाडेकरू नाही

"बाई, घर रिकामं करावं लागेल. आत्ताच."

दारात शेरीफच्या कचेरीतला पोलीस उभा होता. त्याच्यामागे अंगणात डॅरेलची गाडी, आणि डॅरेल गाडीतच बसलेला.

"कुणी सांगितलं?" अर्नेस्टीन क्रॉलीनं विचारलं.

"मालकानं. अनोळखी बाई घरात घुसून राहिलीय, असं शपथेवर लिहून दिलंय. फ्लॉरिडात आता नवा कायदा आलाय. घुसखोर काढायला कोर्टाची वाट बघावी लागत नाही."

"अनोळखी?" तिला आधी हसूच आलं.

हॉलिसनं तिला या घरात आणलं तेव्हा त्याचा मुलगा डॅरेल सात वर्षांचा होता. आई गेलेली, अंथरूण ओलं करायचा. तिला टीना म्हणायचा, तिचा हात सोडायचा नाही. हॉलिसशी लग्न करायचं राहूनच गेलं. "आपण काय पळून जाणारोत का?" म्हणायचा तो. मार्चमध्ये हॉलिस गेला आणि घर मुलाचं झालं. दफनाहून परतताना डॅरेलच म्हणाला होता, "तू कुठं जायचं नाहीस, टीना."

पोलिसानं आवाज खाली आणला. "भाडेकरूला असं काढता येत नाही, बाई. कधी भाडं दिलंय? नुसतं हो म्हणा, मी परत जातो. मग बसू दे त्याला कोर्टाच्या पायऱ्या चढत."

अर्नेस्टीननं गाडीकडे पाहिलं. डॅरेल फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"नाही रे बाबा. मी या घरात भाडेकरू कधीच नव्हते."

"मग खोट्या शपथेचा दावा तरी लावा."

तिनं शेगडी बंद केली, कपडे पिशवीत भरले आणि ती बाहेर आली. गाडीची काच खाली झाली.

"टीना, घर विकतोय, पण गिऱ्हाईक थांबायला तयार नाही गं. घर रिकामंच हवं म्हणतो. आणि तो नुसता फॉर्म आहे, त्यात तसंच लिहावं लागतं."

"अनोळखी म्हणून सही तूच केलीस ना?"

त्यानं फोन मांडीवर उलटा ठेवला.

"मग मला टीना म्हणू नकोस. मिस क्रॉली म्हण."

लहानपणी तिचं ऐकायचा तसंच ऐकलं त्यानं. "हो, मिस क्रॉली."

ती रस्ता ओलांडून शेजारणीच्या पायरीवर जाऊन बसली. समोर कुलूपवाला दाराचं जुनं कुलूप काढत होता.