चढावर काढलेला जेट

मी पितळेचा जेट बोलतोय, तोही रुमालाच्या गाठीतून. आकार करंगळीच्या नखाएवढा, मधोमध सुईएवढं भोक. आमच्या जुन्या मोटारसायकलला दोन कार्बोरेटर; एकात मी, दुसऱ्यात माझा जुळा. इंजिनाला पेट्रोल किती मिळणार, हे आमची भोकं ठरवतात.

बाबांनी आम्हाला बसवलं, तेव्हा हातात पाना द्यायला त्यांची मुलगी असायची. कुठला कार्बोरेटर रुसलाय, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. पण गाडीची किल्ली बाबांनी दिली धाकट्या मुलाला. ताईनं हातातला पाना खाली ठेवला. दूर डोंगरावरच्या गावात नोकरी धरली आणि पुन्हा घरी फिरकली नाही.

आता बाबा दवाखान्यात आहेत आणि तिचंच नाव घेताहेत. दरड कोसळून बस बंद, म्हणून धाकटा याच गाडीवर तिला आणायला निघाला. घाटात हवा विरळ झाली. हवा कमी, पेट्रोल मात्र तेवढंच. गाडी काळा धूर ओकू लागली. वाटेतल्या मेकॅनिकनं आम्हाला काढून बारीक भोकाचे जेट घातले.

"खाली उतरलास की हे मोठे परत घाल," तो म्हणाला. "नाहीतर इंजिन तापून जाम होईल. मग माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

धाकट्यानं मान डोलावली आणि आम्हाला रुमालात बांधून जाकिटाच्या खिशात टाकलं. त्यानंतर गाडी अशी पळाली की स्वारी खूश. ताईला घेऊन उतरताना मेकॅनिकचं दुकान आलं आणि गेलं. चालत्या गाडीला हात कशाला लावायचा, हे धाकट्याचं शहाणपण.

आता सपाटी लागलीय. हवा दाट, पेट्रोल तुटपुंजं. ॲक्सिलरेटरची मूठ सोडली की सायलेन्सर फटफटतो. मागे बसलेल्या ताईनं ते केव्हाच ओळखलं.

"अरे, आवाज कोरडा येतोय. जेट बदललेस का?"

"तुझा अजून या गाडीवर डोळा आहेच का? तिकडे बाबा वाट बघताहेत, ताई. उगाच खोळंबा नको."

इतकी वर्षं तिनं जे गिळलं, तेच पुन्हा गिळलं.

इंजिनाची धग खिशापर्यंत यायला लागलीय. ताईनं त्याचं जाकीट घट्ट धरलंय; तिची बोटं नेमकी आमच्या गाठीवर आहेत. ताई, आम्हाला बदलायला फार तर अर्धा तास लागेल. इंजिन जाम झालं, तर या ओसाड रस्त्यावर तुम्हाला कोण विचारणार? तो तुला मत्सरी म्हणाला, तर म्हणू दे. बाबा तुझेही आहेत.

आणखी एकदा सांग त्याला.