फुलपाखरांची साथ

चारुशीलाने गोपिकाच्या हातातला खराटा हिसकावून घेतला, तेव्हा शाळेच्या अंगणातली पहिली टोपली भरली होती आणि दुसरी निम्म्यावर आली होती. टोपल्यांत फुलपाखरं होती. फिकट पिवळी, काही अजून पंख हलवणारी. पाचवीच्या मुली रांग धरून उभ्या होत्या आणि वरून येणारं प्रत्येक फुलपाखरू खराट्याने, फडक्याने, हातातल्या पाटीने खाली पाडत होत्या. अंगण झाडायला सांगितलं की ज्यांचं हमखास पोट दुखायचं, त्याच या मुली. आज कुणी न सांगता कामाला लागल्या होत्या.

"काहून मारून राहिल्या वं त्यायले?" शाळेत चारुशीला पुस्तकातलं मराठी बोलायची, पण राग आला की घरचं तोंडात येई.

"कावीळ आणते ते, बाई," गोपिका म्हणाली. "आजीले पत्र आलं हाये."

पत्र तिच्या दप्तरातच होतं, मधोमध दुमडलेलं पोस्टकार्ड. चारुशीलाने ते उन्हात धरून वाचलं. 'शहराला पिवळ्या फुलपाखरांची साथ. ज्याच्या अंगावर बसेल त्याला आठ दिवसांत कावीळ होईल. दिसेल तिथे मारावे. हे पत्र लिहून अकरा जणांना पाठवावे. सावनेरच्या एका इसमाने पत्र फाडले, त्याचा मुलगा तिसऱ्या दिवशी वारला.'

पहिलं वाक्य तिने पुन्हा वाचलं. ते वाक्य तिचं होतं.

वस्तीतल्या वाचनालयाच्या दाराशी एक फळा होता. रोज सकाळी शाळेला जाताना त्यावर चार ओळी लिहायचं काम चारुशीलाने वडिलांकडून घेतलं होतं. वडील गिरणीत होते. छप्पन्न साली नऊ वर्षांच्या चारुशीलाला खांद्यावर बसवून ते दीक्षेला गेले, आणि परत आल्यावर घरातले गंडेदोरे, ताईत, लिंबं सगळं एका फडक्यात बांधून त्यांनी नाल्यात सोडलं. पुढच्या वर्षी फळा टांगला. माणसाने वाचलं की तो शहाणा होतो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि तो विश्वास आता चारुशीला सांभाळत होती.

पोळा झाला की दरवर्षी ही फुलपाखरं रामटेककडून येत आणि वर्ध्याच्या दिशेने निघून जात. मध्ये घर आलं तर वळसा घालत नसत, वरून जात. दोन-तीन आठवडे हा प्रवास चाले, मग आकाश पुन्हा रिकामं. चारुशीला कॉलेजात असल्यापासून दुपारी गच्चीवर बसून मिनिटाला किती गेली ते वहीत मांडत असे. यंदा, चौऱ्याहत्तर साली, मोजणंच अशक्य झालं. त्या आनंदात तिने सोमवारी फळ्यावर लिहिलं, 'शहराला पिवळ्या फुलपाखरांची साथ.' खरं तर तिला 'सोबत' लिहायचं होतं. पण ओळ फळ्याच्या कडेला आली होती, एका अक्षराची जागा कमी पडत होती, आणि खरं सांगायचं तर 'साथ' तिच्या कानाला जास्त गोड वाटलं.

वस्तीत त्या महिन्यात सात जणांना कावीळ झाली होती. विहिरीला लागून नाला, नाल्याला पूर, आणि विहिरीच्या कठड्याला हात जाईल एवढी भेग. कारण शोधायला दूर जायची गरज नव्हती. पण त्या दिवसांत 'साथ' हा शब्द वस्तीत एकाच अर्थाने चालत होता, आणि हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं नाही. अक्षर मात्र त्यांचं मोठं सुंदर. लांबूनही वाचता येई.

गोपिकाचं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळा फळा पुसून लिहिलं की साथ म्हणजे सोबत, फुलपाखरांनी कावीळ होत नाही, ती पाण्याने होते, पाणी उकळून प्या. लोकांनी थांबून थांबून वाचलं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं की बाईंना वरून दटावणी आली आहे. वाचनालयात पेपर वाचायला येणारे निवृत्त कारकून मधुकरराव तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की तुम्ही नोकरीवाली माणसं, तुमची अडचण आम्हाला समजते. ते इतक्या मायेने म्हणाले की तिला चिडताही आलं नाही.

मग ती घरोघर गेली. प्रत्येक घरी तिला चहा मिळाला, तेवढं पाणी मात्र उकळलेलं असे. सगळे माना डोलवायचे. लाकडं ओली आहेत, रॉकेल आठ-आठ दिवस येत नाही, हे तर खरंच होतं. पण पोस्टकार्डं मिळत होती. ज्या घरात वर्षानुवर्षं मयताखेरीज पत्र लिहिलं गेलं नव्हतं, त्या घरात कंदिलाभोवती बसून अकरा-अकरा पत्रं लिहिली जात होती. ज्यांचे पत्ते ठाऊक, त्यांना पाठवून झाली की लोक एकमेकांनाच पाठवायचे. शेजारच्या दाराला पोस्टाने पत्र. समोरासमोर भेटले की पहिला प्रश्न हाच, तुम्हाला किती आली? ज्याला कमी आली त्याचा चेहरा उतरे. मधुकररावांना सतरा आली होती आणि ते तसं कुणी न विचारता सांगत.

चारुशीलानेही एका रविवारी बसून पंचवीस पोस्टकार्डं लिहिली. तीन ओळी. फुलपाखरं निरुपद्रवी आहेत. कावीळ विहिरीच्या पाण्याने होते. पाणी वीस मिनिटं उकळून प्या. चौथ्या दिवशी तिने धोंडबा पोस्टमनला रस्त्यात थांबवून विचारलं की माझ्यासारखं कार्ड आणखी कुणी लिहिलेलं दिसलं का. धोंडबाची पिशवी त्या आठवड्यात खांद्यावर मावेनाशी झाली होती. त्याने ती खाली ठेवली, घाम पुसला आणि विचार करून उत्तर दिलं.

"नाही जी. तुमचं कार्ड लोक वाचते अन् ठेवून देते."

"काहून?"

"नाही लिहिलं तं काय होते, हे लिहिलंच नाही ना तुमी."

ती हसली. त्याला म्हणाली की नाही लिहिलं तर काहीच होत नाही. धोंडबाने पिशवी उचलली. त्याचं म्हणणं एवढंच होतं की मग माणूस लिहील कशाला.

पुढच्या सोमवारी गोपिका शाळेत आली नाही. मंगळवारी चारुशीला नाल्यापलीकडे तिच्या घरी गेली. गोपिका आणि तिची आजी कौसल्याबाई, दोघीच त्या खोलीत राहत. आई तीन वर्षांपूर्वी गेलेली, बाप खापरखेड्याला कामाला, महिन्यातून एकदा येणारा. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने वळून पाहिलं तर डोळे हळदीसारखे पिवळे.

"बाई, मी लय मारले होते," ती म्हणाली. "एक माह्या हातावर बसलं होतं."

चारुशीलाने तिला जवळ घेऊन सांगितलं की त्याने काही होत नाही. गोपिकाने मान हलवली, बाईंना वाईट वाटू नये म्हणून. डॉक्टरांनी कौसल्याबाईंना बजावलं होतं की उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब द्यायचा नाही. चारुशीलानेही ते पुन्हा बजावलं आणि बाहेर पडली. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या. त्यांच्या डोक्यावरून फुलपाखरं चालली होती आणि घागर ठेवून प्रत्येक बाई पदराने त्यांना हाकलत होती.

त्या संध्याकाळी तिने नवी कार्डं पुढे घेतली. तीन ओळी लिहिल्या आणि थांबली. समोर वडिलांचा फोटो होता. तिने उठून खुर्चीच फिरवली, फोटोकडे पाठ येईल अशी, आणि चौथी ओळ लिहिली. 'हे पत्र लिहून अकरा जणांना पाठवावे. एका बाईने आळस केला, तिच्या घरचे लेकरू तिसऱ्या दिवशी गेले.' तशी तिने पन्नास कार्डं पूर्ण केली. पाणी तर उकळतील, ती स्वतःला सांगत राहिली. कशाने का होईना, उकळतील.

आणि कार्डं चालली. तिसऱ्या दिवशी तिच्याच मजकुराचं कार्ड तिला दोन घरांकडून आलं, एकात 'उकळून'ऐवजी 'उखळून'. शुक्रवारपर्यंत वस्तीभर तिचंच पत्र फिरत होतं. धोंडबा तिला पाहून ओळखीचं हसला. त्याच सुमारास फुलपाखरं यायची थांबली. दरवर्षी थांबायची तशीच. गच्चीवर उभी राहून तिने तासभर वाट पाहिली, एकही गेलं नाही. खाली रस्त्यात मधुकरराव कुणाला तरी सांगत होते की पाहा, नव्या पत्रांचा गुण आला.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास कौसल्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी कोरी पोस्टकार्डं काढली आणि त्यांवर ठेवलं एक लिहिलेलं कार्ड. अक्षर चारुशीलाचं होतं. त्या पन्नासांतलंच एक.

"मले लिहिता येत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तेवढे अकरा लिहून द्या. पाचाले डाक निघते."

चारुशीलाने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, गोपिकाले पानी उकळूनच देता ना?"

"देईन ना. आज दुकानात रॉकेल आलं होतं. पन पोस्टातबी लाइन होती. दोनी लाइनीत कशी उभी राहू मी? कार्डं संपले असते तं काय केलं असतं?"

"मग रॉकेल?"

"संपलं. आता बुधवारी येईन म्हणते."

चारुशीलाने ते लिहिलेलं कार्ड हातात घेतलं आणि सांगितलं, "मावशी, हे पत्र माहंच आहे. मी लिहिलं. ही शेवटची ओळ खोटी आहे. नाही लिहिलं तं काही होत नाही."

कौसल्याबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. उलट समजूत होती.

"तुमी काहून लिहान असं? तुमच्या घरी तं कोनी बिमार नाही," त्या म्हणाल्या. "माह्या जिवाले घोर नको म्हनून म्हनून राहिल्या तुमी. गोपिकाची माय गेली, तवाबी सारे मले हेच म्हनत होते. काही होत नाही, काही होत नाही."

चारुशीलाने उठून स्टोव्ह हलवून पाहिला. तळाशी थोडं रॉकेल होतं. ती म्हणाली की आपण आधी स्टोव्ह घेऊन तुमच्या घरी जाऊ, पाणी उकळू, पत्रं मी रात्री लिहीन. कौसल्याबाई जागच्या हलल्या नाहीत. उद्या रविवार, डाक निघत नाही, आणि पत्र आल्यापासूनचा त्यांचा तिसरा दिवस आजच होता.

"पोरीजवळ कोन आहे आता?"

"कोन राहीन? तांब्या भरून ठेवून आली तिच्या उशाशी. तहान लय लागते तिले."

चारुशीलाने कोरी कार्डं ओढून घेतली. पहिल्यावर तीन ओळी लिहिल्या आणि ते बाजूला ठेवलं. कौसल्याबाईंनी ते उचललं, जुन्या कार्डाशेजारी धरलं आणि बोटाने दोन्हींच्या ओळी मोजल्या.

"यात एक कमी आहे, बाई."

चारुशीलाने कार्ड परत घेतलं आणि चौथी ओळ लिहिली. मग दुसरं, मग तिसरं. नाल्यापलीकडे जायला पंधरा मिनिटं लागणार होती. ती मान खाली घालून, हात दुखेपर्यंत भराभर लिहीत सुटली. पाचव्या कार्डावर शाई फिसकटली, तेव्हा कौसल्याबाईंनी पुढे वाकून तिच्या मनगटावर हात ठेवला.

"घाई नका करू, बाई," त्या समजावत म्हणाल्या. "अक्षर बिघडलं तं लागू नाही पडत."